अंगानं भरलेली वाइन आणि नुसती खोगीरभरती

प्रश्न कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून आलाय. साताऱ्याकडच्या एक ताई तिथं राहतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "नेहमीचा किराणा आणायला गेले आणि तिथल्याच शेल्फवरून १२ डॉलरची रेड वाइन उचलली. लेबलवर लोडी (कॅलिफोर्नियातला द्राक्षपट्टा), ओल्ड वाइन झिनफंडेल (काळ्या द्राक्षाची एक जात), अल्कोहोल १४.५ टक्के. मागं लिहिलंय फुल-बॉडीड, ब्लॅकबेरी, मोका, लेदर. मला यातलं काहीच लागलं नाही. गरम लागली, गोडसर लागली आणि दुसऱ्या घोटाला तोंड जड झालं. मैत्रिणी मात्र 'किती स्मूद' म्हणत होत्या. माझी जीभ कच्ची की वाइन? अर्धी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे."

ताई, जीभ कच्ची नाही. गरम, गोडसर, जड हे तीन शब्द तुम्ही लिहिलेत ना, ते मागच्या लेबलवरच्या सगळ्या कवितेपेक्षा जास्त कामाचे आहेत. आमच्या वायनरीच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइनच्या टाक्यांच्या खोलीत, नवीन आलेला पोरगा टँकमधला घोट घेऊन 'लेदर' म्हणाला तर मी ऐकलं न ऐकलं करतो. 'सर, घशाशी गरम होतंय' म्हणाला तर हातातलं काम टाकून मी स्वतः चाखायला जातो.

मी नाशिकला वायनरीत आहे, वीसेक वर्षं झाली. त्यातला एक हंगाम लोडीत काढलाय. आपल्याकडे द्राक्षतोड जानेवारी ते मार्च, त्यांच्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यामुळे इकडचा माणूस तिकडे जाऊन एका वर्षात दोन हंगाम करू शकतो. तुमच्या बाटलीत काय असणार याचा अंदाज त्या हंगामामुळेच बांधता येतोय.

आधी 'फुल-बॉडीड' म्हणजे काय ते बघू. ती चव नव्हे आणि वासही नव्हे. ते तोंडाला जाणवणारं वजन आहे. कोकमाचं सार आणि कटाची आमटी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत आंबट आहे, गोड आहे, तिखट आहे, पण सार जिभेवरून वाहून जातं आणि आमटी थोडी रेंगाळते, गालांना लागते. वाइनचं तसंच. हे वजन मुख्यतः अल्कोहोलमुळे येतं, मग सालीबियांतून उतरलेल्या तुरट टॅनिनमुळे, थोडं साखरेमुळे आणि थोडं आंबताना तयार होणाऱ्या ग्लिसरॉलमुळे. पेला फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात, ते बघून 'बघा काय बॉडी आहे' असं म्हणणारा एक जण प्रत्येक पार्टीत असतो. ते ओघळ म्हणजे पाणी आणि अल्कोहोल यांच्या पृष्ठताणातल्या फरकाचा खेळ. जेम्स थॉमसननं १८५५ सालीच त्याचा उलगडा केलाय. ओघळ दिसले म्हणजे अल्कोहोल बरंच आहे एवढंच कळतं, आणि ते लेबलवरही लिहिलेलं असतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. वजन आणणं सोपं असतं. द्राक्ष चार दिवस उशिरा तोडलं की साखर चढते, साखर चढली की अल्कोहोल चढतं, वाइन भारी लागते. आंबण शेवटपर्यंत न नेता लिटरमागं दोन-चार ग्रॅम साखर मागं ठेवली की कडा गोल होतात. ओकच्या लाकडाचे तुकडे पोत्यात भरून स्टीलच्या टँकमध्ये सोडले की व्हॅनिला आणि भाजल्याचा वास येतो. तुमच्या लेबलवरचा 'मोका' बहुधा तिथलाच. रंग कमी पडला तर रुबिरेड नावाच्या द्राक्षाचा आटवलेला रस मिळतो. त्या द्राक्षाचा गरच लाल असतो, थोडासा घातला तरी फिकी वाइन जांभळीगर्द होते आणि बरोबर थोडी गोडीही येते. कॅलिफोर्नियात वाइनमध्ये साधी साखर घालायला बंदी आहे, पण द्राक्षाचा हा आटीव रस चालतो. आणि एक मजा ऐका: घोट गुळगुळीत लागावा म्हणून डिंकही घालतात. लाडूत घालतो त्याचाच भाऊबंद, आफ्रिकेतल्या बाभळीच्या कुळातल्या झाडाचा.

यात विष काही नाही आणि फसवणूकही नाही. सगळं कायद्यात बसतं. ओकचे ते तुकडे, म्हणजे चिप्स, मी स्वतः वापरल्यात. एका वर्षी हिशेब चुकला आणि दोन आठवडे जास्त राहिल्या, तर वाइनला सुताराच्या दुकानातल्या भुश्शाचा वास मारायला लागला. ती दुसऱ्या टँकमध्ये थोडी थोडी मिसळून संपवता संपवता नाकी नऊ आले. पण मग खरी बॅरल का नाही वापरत? साधा हिशेब आहे. नेहमीचं फ्रेंच ओकचं बॅरल २२५ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या बसतात. नवं बॅरल हजार डॉलरच्या पुढं जातं. म्हणजे बाटलीमागं तीन डॉलरहून जास्त नुसतं लाकूडच झालं. ज्या बाटलीत काच, बूच, लेबल, वाहतूक, वितरक आणि दुकानदार यांचे हिस्से काढून द्राक्षाला जेमतेम डॉलर-दोन डॉलर उरतात, तिथं नवं बॅरल कुठून येणार?

म्हणून किराणा दुकानातली भरदार वाइन चाखताना 'ही भारी आहे का' हा प्रश्नच मी विचारत नाही. ती भारी असणारच, त्याचेच तर पैसे घेतलेत. मी बघतो की ती अंगापिंडानं भरलेली आहे की खोगीरभरती केलेली. द्राक्षातून आलेलं वजन असेल तर त्याखाली आंबटपणाचा कणा असतो. भरती असेल तर नुसताच फुगवटा, आणि फुगवटा दुसऱ्या घोटाला बसतो. तुमचं तोंड दुसऱ्या घोटाला जड झालं ते याच जातीचं असावं असं मला वाटतं. 'असावं' म्हणतोय, कारण त्यात वाइनइतकाच दोष पिण्याच्या पद्धतीचाही असू शकतो. त्याकडे येतोच.

बाटलीबद्दल थोडं. 'ओल्ड वाइन' वाचून आपल्या माणसाला वाटतं जुनी मुरलेली वाइन. ते 'व्हाइन' आहे, वेल. जुन्या वेलींची द्राक्षं. अमेरिकेत या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. किती वर्षांची वेल म्हणजे जुनी हे बाटली भरणाऱ्यानं ठरवायचं. पण लोडीत खरोखर शंभरी ओलांडलेल्या वेली आहेत. तिथली माती वाळूसारखी, आणि द्राक्षाची मुळं खाणारा फायलोक्सेरा हा किडा वाळूत तग धरत नाही, म्हणून काही बागा अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या वेलीच्या मुळांवर, कलम केल्याशिवाय बाग लावायचं कुणी मनातही आणत नाही. तिथं पहिल्या दिवशी बागेत गेलो तेव्हा मला मांडव दिसेना, तारा दिसेनात, वेल चढवायचे 'वाय' आकाराचे खांब दिसेनात. कमरेएवढी, जाड बुंध्याची, वाकडीतिकडी झुडपं. मी सोबतच्या मेक्सिकन माणसाला विचारलं, बाग कुठाय? तो हसायलाच लागला.

झिनफंडेलचा घड हातात घेतला की या द्राक्षाची सगळी कुंडली कळते. एकाच घडात तीन पिढ्या नांदतात: काही मणी वेलीवरच सुकून मनुका झालेले, काही छान पिकलेले आणि दोन-चार अजून गुलाबी-हिरवे. गुलाबी पिकायची वाट बघावी तर बाकीचे वाळतात. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस २४ ब्रिक्स, म्हणजे साधारण २४ टक्के साखर, दाखवतो, आपण खूश होऊन तोडतो, आणि दोन दिवसांनी टँकमध्ये बघावं तर २६ च्या वर! मनुका भिजून त्यांची साखर सावकाश रसात उतरलेली असते. आंबण अडकू नये म्हणून तिथं पाणी घालायची मुभा आहे आणि लोक घालतात. म्हणजे तुमच्या बाटलीतलं १४.५ टक्के हे या द्राक्षाच्या स्वभावातच आहे. शिवाय अमेरिकी नियमानुसार १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला लेबलवर एका टक्क्याची सूट असते. साडेचौदा लिहिलेली बाटली प्रत्यक्षात साडेपंधराची असू शकते. गरम लागली म्हणालात ना?

नाव झिनफंडेल असलं तरी ७५ टक्के झिनफंडेल पुरतं. उरलेल्यात दुसरं द्राक्ष चालतं. लोडीकडे बऱ्याचदा ते पेटीट सिरा असतं, शाईसारखं काळं आणि चांगलंच तुरट. ही भरती असली तरी ती प्रामाणिक, द्राक्षाचीच. मागच्या लेबलवर सगळ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही बघा. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असेल तर निदान ७५ टक्के वाइन त्यांनी स्वतः आंबवलीय. 'व्हिंटेड' किंवा 'सेलर्ड अँड बॉटल्ड बाय' असेल तर तयार वाइन टँकरनं विकत आणून बाटलीत भरलेली असू शकते. त्यानं वाइन वाईट ठरत नाही, पण पुढच्या वर्षी त्याच नावाची बाटली वेगळीच लागली तर नवल वाटायला नको. उरलेली साखर किती ते मात्र अमेरिकेत लेबलवर लिहायची सक्ती नाही, आणि तिथंच खरी गोम आहे.

बरं, आता चाखायचं कसं.

सगळ्यात आधी थर्मामीटर. रेड वाइन 'रूम टेम्परेचरला' प्यावी हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांतलं आहे, जिथं खोली १६–१८ अंशांची असायची. सॅक्रामेंटोचा उन्हाळा काय आणि नाशिकचा एप्रिल काय, आपली खोली त्यात बसत नाही. २६ अंशांच्या रेड वाइनमध्ये अल्कोहोल आधी नाकात जातं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. दुकानातून गाडीत, गाडीतून ओट्यावर, ओट्यावरून पेल्यात असा प्रवास झाला असेल तर तुम्ही वाइन नव्हे, तिची वाफ चाखलीत. भरलेली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग उघडा. माझा अनुभव असा की परवडणाऱ्या रेड वाइनबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. मात्र फार गार केली तर उलटं होतं, वास मिटतो आणि तुरटपणा टोचायला लागतो.

पेला कुठलाही काचेचा, तोंडाशी जरा आत वळलेला, एक तृतीयांशच भरायचा. स्टीलचा नको. रंगावर वेळ घालवू नका. रंग कसा येतो ते वर सांगितलंय.

वास दोनदा घ्या. पेला न हलवता एकदा आणि फिरवून एकदा. पहिल्या वेळी दोष कळतात: ओलं गोणपाट किंवा भिजलेला पुठ्ठा असा वास आला तर बुचाचा दोष, बाटली परत करा, नेलपॉलिशसारखा चरचरीत वास आला तरी बाटली परतच करा. आगपेटीची काडी विझवल्यासारखा वास आला तर घाबरू नका, दहा मिनिटांत उडून जातो. दुसऱ्या वेळी फळ शोधा, पण ब्लॅकबेरी शोधू नका. लहानपणी जी कधी खाल्ली नाही ती नाकाला कुठून आठवणार? तुम्ही साताऱ्याच्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरची तुती आठवा, करवंद आठवा, उन्हात तापलेलं जांभूळ आठवा. झिनफंडेलमध्ये पिकलेली तुती असते, बेदाण्याचा डबा उघडल्यासारखा वास असतो, कधी काळी मिरी असते. ओक असेल तर लवंग आणि सुकं खोबरं. हे मी आपलं मराठीकरण करत नाहीये. ओकमधून जो लवंगेचा वास येतो त्याचं कारण युजेनॉल नावाचं द्रव्य, आणि लवंगेतही तेच असतं. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्याला खोबऱ्याचाच वास असतो.

आणि एखादा वास आलाच नाही तर? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझ या द्राक्षाच्या वाइनमधल्या काळ्या मिरीच्या वासामागचं रोटंडोन हे द्रव्य शोधलं. चाचणीतल्या साधारण एक पंचमांश लोकांना ते भरपूर असूनही जाणवलंच नाही. म्हणजे एकाच टेबलावर एक जण 'काय मिरी आहे!' म्हणतो आणि दुसरा पेल्यात बघत बसतो. दोघंही खरं बोलतात.

आता घोट. चमचाभर नव्हे, चांगला घोट घ्या, पाच-सहा सेकंद तोंडात खेळवा, गालांना लागू द्या. आम्ही थुंकतो. हंगामात सकाळी तीस टँक चाखायचे असतात, गिळत बसलं तर अकरा वाजता शिडीवरून खाली यायचं कसं? तुम्ही घरी थुंकलंच पाहिजे असं नाही, पण तुलना करायची असेल तर पहिले दोन-तीन घोट थुंका.

तोंडात काय शोधायचं ते शिकवण्यासाठी मी नव्या पोरांसमोर चार पेले मांडतो. वाइन अजिबात नाही. एकात दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा, एकात लिंबाचं पाणी, एकात साखरेचं पाणी, एकात पाण्यात टाकलेली थोडी व्होडका. चहा प्यायल्यावर हिरड्या आवळतात, जीभ टाळ्याला चिकटते: ते टॅनिन. लिंबाला जिभेच्या दोन्ही कडांनी पाणी सुटतं: ते आम्ल. व्होडकाचं पाणी गिळल्यावर छातीकडे ऊब उतरते: ते अल्कोहोल. साखरेचं सांगायला नको. चारही वेगवेगळे ओळखता आले की मग वाइनमध्ये ते गुंतलेले असतानाही सुटे करता येतात. यात आपल्या माणसाला एक फायदा आहे. 'तुरट' हा शब्द आपल्या जिभेवर आईच्या दुधापासून आहे. आवळा, सुपारी, जांभूळ, कच्चं केळं. हिरडा चघळल्यावर हिरड्या कशा गोळा होतात ते आजीनं दाखवलेलं असतं. लोडीत माझ्याबरोबरची अमेरिकन पोरं तुरटाला कडू म्हणायची. बिचाऱ्यांना फरक सांगता सांगता माझा अर्धा हंगाम गेला.

घोट तोंडात असताना तीन वेळा विचारायचं. पहिल्या सेकंदाला काय आलं? बहुतेक सगळ्या स्वस्त भरदार वाइन इथं पास होतात. फळ येतं, गोडवा येतो, छान वाटतं. मधे काय आहे? इथं बऱ्याच गळतात. सुरुवात गुबगुबीत, शेवट तुरट आणि मधे काहीच नाही. अशा वाइनला आम्ही सेलरमध्ये 'मेदूवडा' म्हणतो. आणि गिळल्यावर काय उरलं? गिळा किंवा थुंका, डोकं जरा पुढं झुकवा आणि मनात आकडे मोजा. दोन-तीनवर चव संपून नुसती ऊब उरली तर अल्कोहोलचा फुगवटा. सात-आठपर्यंत तुती-जांभूळ रेंगाळलं आणि तोंडाला पुन्हा पाणी सुटलं, तर त्या वाइनला कणा आहे, किंमत काहीही असो. तोंडाला पाणी सुटणं महत्त्वाचं, कारण तेच दुसरा घोट मागतं. तुमच्या तोंडाला ते सुटलं नाही, तोंड चिकट आणि जड झालं. आम्ल कमी, गोडी जास्त.

गोडीबद्दल मात्र सावध. नाक जिभेला फसवतं. पिकलेल्या फळाचा वास आला की साखर नसली तरी गोड वाटतं. खरी गोडी तपासायची तर घोट घेण्याआधी नाक चिमटीत धरा. (बडीशेप तशी चघळून बघा: नाक बंद असताना नुसती गोडसर, सोडलं की बडीशेप.) नाक बंद असतानाही वाइन गोड लागली तर ती साखरच. 'स्मूद' म्हणणाऱ्या मैत्रिणींना हीच साखर आवडली असण्याची शक्यता मोठी आहे. 'स्मूद' हा शब्द ऐकला की मी मनात भाषांतर करतो: तुरट कमी, आंबट कमी, जराशी गोड. यात कमीपणा काही नाही, त्यांना ते आवडतं आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक आहे.

दुसरी चाचणी पाण्याची. पन्नास मिली वाइनमध्ये एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घाला. साडेचौदाचं अल्कोहोल तेराच्या आसपास येतं. शेजारी पाणी न घातलेला पेला ठेवा आणि दोन्ही चाखा. चांगल्या भरदार वाइनमध्ये पाणी घातल्यावर ऊब मागं जाते आणि फळ पुढं येतं. भरतीच्या वाइनमध्ये पाणी घातल्यावर उरतं ते फक्त पाणी. वाइनच्या शौकिनांसमोर हे करू नका, अंगावर येतील. मी रोज करतो.

जेवणाचं. मैत्रिणींनी तेव्हा काय वाढलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मराठी घरातली पार्टी म्हणजे काहीतरी झणझणीत असणारच. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तर्रीच्या मिसळीबरोबर साडेचौदाची झिनफंडेल म्हणजे आगीत तेल. तांबड्या रश्श्याचंही तेच. पांढरा रस्सा चालेल. मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा हिरड्यांपर्यंत पोचतच नाही. मीठही मदत करतं. जांभळाला आपण मीठ लावून खातो ते काय उगाच? पण माझं स्वतःचं आवडतं विचाराल तर भरलं वांगं. गोड्या मसाल्यात लवंग आहे, सुकं खोबरं आहे, भाजल्याचा वास आहे, भरणात शेंगदाण्याचं तेल आहे आणि चिमूटभर गूळ आहे. ओक लावलेल्या, किंचित गोडसर झिनफंडेलला याहून सख्खं काही सापडायचं नाही. मासे नकोत, बांगड्याबरोबर तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं.

पुढच्या वेळी काय आणायचं? त्याच दुकानात इटलीच्या रकान्यात तिथल्या पुलिया भागाची प्रिमितीवो शोधा, साधारण याच भावात मिळते. झिनफंडेल आणि प्रिमितीवो हे जनुकांनी एकच द्राक्ष आहे. त्याचं मूळ क्रोएशियात; डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांना २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेला गावातल्या एका जुन्या बागेत ते सापडलं. डेव्हिस तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. दोन्ही बाटल्या कागदी पिशव्यांत घाला, नवऱ्याला किंवा मुलीला ओतायला सांगा आणि कुठली कुठली ते न बघता चाखा. एकच द्राक्ष, दोन देश, एकच भाव. बॉडी कुठं द्राक्षाची आहे आणि कुठं बनवणाऱ्याची, हे या एका जोडीत जेवढं कळतं तेवढं दहा महागड्या बाटल्यांत कळत नाही. जरा वेगळं वजन हवं असेल तर स्पेनमधल्या हुमिया भागातली, मोनास्त्रेल द्राक्षाची वाइन बघा. तुरटपणा जास्त आणि बहुतेक कोरडी, म्हणजे साखर जवळपास नसलेली. स्वस्तात भरदार म्हटल्यावर माझा हात आधी तिथंच जातो.

हे 'त्याच दुकानात' लिहिताना मला जरा हसू येतंय. तुमच्याकडे तांदूळ, दूध आणि वाइन एकाच ट्रॉलीत येतात. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळानं किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तर केवढा गदारोळ झाला होता. आणि 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात मात्र व्हिस्की-रमच्या भिंतीच्या भिंती, आणि वाइन विचारली तर पोऱ्या स्टुलावर चढून धूळ झटकत दोन बाटल्या काढतो. दुकानाच्या उन्हात वर्षभर उभ्या राहिलेल्या. त्या मानानं तुमची बाटली भाग्यवान.

फ्रीजमधली अर्धी बाटली अजून टाकली नसेल तर बरं, कारण खरी परीक्षा तीच घेते. उघडून एक-दोन दिवस झालेल्या वाइनचा फुगवटा उतरलेला असतो. ओकचा आणि भाजल्याचा वास बराच विरतो आणि आत जे होतं ते उघडं पडतं. ती बाहेर काढा, पाऊण तास ओट्यावर ठेवा, साध्या काचेच्या पेल्यात दोन बोटं ओता. नाक धरून एक घोट, नाक सोडून एक, आणि गिळल्यावर आकडे मोजा. तुती-करवंदाची आठवण झाली आणि पाचच्या पुढं मोजता आलं, तर परवा दोष उकाड्याचा आणि तिखटाचा होता. उद्या वांगी भरा आणि संपवा. नुसतं काकवीसारखं गोड लागलं आणि तीनवर संपलं, तर तुमचे तिन्ही शब्द बरोबर होते. बाटली मैत्रिणीकडे पोचवून या, तिला ती आवडली होती.